आठ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप: पुण्यातून लाल बटू तारे बघायचे असतील तर (रिव्ह्यू)

या टेलिस्कोपचे रिव्ह्यू नेटवर ढिगाने आहेत, पण बहुतेक सगळे शनीची कडी आणि चंद्रावरची विवरं इथेच थांबतात. मला हा घ्यायचा होता तो वेगळ्याच कारणासाठी, म्हणून वेगळा लिहितेय. मला लाल बटू तारे बघायचे होते, म्हणजे रेड ड्वार्फ. पेपरात अधूनमधून बातमी येते ना, की अमुक प्रकाशवर्षांवर पृथ्वीसारखा ग्रह सापडला, तिथे पाणी असू शकतं, कदाचित जीवसृष्टीसुद्धा, तर त्यातल्या बऱ्याचशा बातम्या या छोट्या मंद ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या असतात. ग्रह नाही तर नाही, निदान तो तारा तरी आपल्या डोळ्यांनी, पुण्यातून, परवडेल अशा दुर्बिणीतून दिसतो का, हा माझा प्रश्न होता. तर दिसतो. सगळे नाही दिसत पण काही अगदी नक्की दिसतात, आणि त्यासाठी आठ इंची डॉबपेक्षा चांगला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

ब्रँडचं नाव घेत नाहीये कारण दोन-तीन कंपन्यांचे हाताळून बघितलेत आणि आरसा सगळ्यांचा साधारण सारखाच निघतो, फरक असतो तो बेसमध्ये, फोकसरमध्ये आणि सोबत काय काय देतात त्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, डॉब म्हणजे आरशाची न्यूटोनियन दुर्बीण, लांबलचक नळकांडं, आणि ते लाकडी बेसवर ठेवायचं, हाताने ढकलून फिरवायचं. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, चार्जिंग नाही. आरसा २०३ मिलिमीटर, फोकल लेंग्थ १२०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला की ४८ पट आणि १० चा लावला की १२० पट मोठं दिसतं. पण मोठं दिसण्याला या कामात काहीच किंमत नाही हे आधीच सांगते, तारा कितीही पट केला तरी ठिपकाच राहतो. किंमत आहे ती प्रकाश गोळा करण्याला. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, त्या हिशोबाने हा आरसा डोळ्याच्या आठशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो, आणि लाल बटूंच्या बाबतीत खेळ सगळा इथेच आहे.

कारण असं की आपल्या आकाशगंगेतले साधारण ७० ते ७५ टक्के तारे या जातीचे आहेत, तरी नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. एकही नाही! आपण गच्चीत झोपून जे काही तारे बघतो त्यात आकाशगंगेतली ही सगळ्यात मोठी बिरादरी पूर्णच गैरहजर असते. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, अवघ्या ४.२४ प्रकाशवर्षांवर, तोसुद्धा अकराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद, आणि नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतच दिसतं). मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच अस्वस्थ व्हायला झालं होतं, की म्हणजे आपण आकाश म्हणून जे ओळखतो ते निव्वळ मोठ्या आणि भडक ताऱ्यांचं आहे.

आता या मंद ताऱ्यांच्या ग्रहांवर एवढी चर्चा का, तेही थोडं सांगते, नाहीतर एवढे पैसे घालून एक तांबूस ठिपका का बघायचा हे कुणाला पटणार नाही. शेकोटी लहान असली की ऊब मिळायला अगदी जवळ बसावं लागतं, तसंच इथे. पाणी द्रवरूपात राहील असा पट्टा या ताऱ्यांच्या फार जवळ येतो. प्रॉक्झिमाचा जो ग्रह ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाला तो ताऱ्यापासून फक्त ७५ लाख किलोमीटरवर आहे, आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी पावणेसहा कोटींवर असतो, आणि प्रॉक्झिमाच्या या ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं. वर्ष इतकं छोटं असल्यामुळे शास्त्रज्ञांची मोठी सोय होते. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह जाताना बघायचा तर वर्षातून एकदाच संधी, आणि तेव्हाही ताऱ्याचा प्रकाश कमी होणार दहा हजारात एक भागाहूनही कमी. तेच ट्रॅपिस्ट-१ सारख्या अगदी छोट्या लाल बटूसमोरून तेवढाच ग्रह गेला तर अर्ध्या टक्क्याहून जास्त प्रकाश कमी होतो आणि ते दर काही दिवसांनी पुन्हा पुन्हा घडतं. म्हणून हे ग्रह सापडतात जास्त आणि त्यांच्या हवेचा अभ्यास करायचा तर सध्याच्या दुर्बिणींना झेपेल असे पृथ्वीएवढे ग्रहही हेच.

आणि हे शोध लावणाऱ्या दुर्बिणी दर वेळी अवाढव्य नसतात हे मला फार आवडतं. ट्रॅपिस्ट-१ चे पहिले ग्रह ज्या दुर्बिणीने पकडले तिचा आरसा ६० सेंटिमीटरचा आहे, चिलीतल्या ला सिया इथे, बेल्जियमच्या लीज विद्यापीठाची, मिखाएल गियों यांची टीम. पुढच्या पडताळणीत लडाखमधल्या हानलेची आपली २ मीटरची हिमालयन चंद्र टेलिस्कोपसुद्धा होती, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते म्हणून मुद्दाम लिहितेय. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, जीजे १२१४ बी हा ग्रह अमेरिकेत ॲरिझोनातल्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणींनी शोधला होता, त्या आकाराच्या दुर्बिणी हौशी लोकांकडेही असतात. आपला डॉब २० सेंटिमीटरचा. म्हणजे आपण त्या कुटुंबातले अगदी लांबचे का होईना पण नातेवाईक आहोत, असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते.

सगळ्यात सोपा लालांद २११८५. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी उशिरा, सप्तर्षीच्या चौकोनाच्या दक्षिणेला, साडेसातव्या प्रतीचा, म्हणजे गावाबाहेर साध्या बायनाक्युलरमध्येही सापडतो आणि डॉबमध्ये तर कोथरूडच्या गच्चीवरूनसुद्धा. ८.३ प्रकाशवर्षांवर आहे. फिका नारिंगी रंग, शेजारच्या पांढऱ्या ताऱ्यांशी ताडून बघितला की लगेच लक्षात येतो, एकटा बघितला तर नाही येत. याच्याभोवती ग्रह आहेत, एक साधारण १३ दिवसांत फेरी मारणारा, तो जीवसृष्टीसाठी गरमच आहे, आणि एक बराच लांबचा. पण पहिल्यांदा शोधायला हाच घ्या, आत्मविश्वास येतो.

त्याच दिवसांत कन्या राशीत रॉस १२८. हा माझा सगळ्यात आवडता. कन्येतल्या बीटा ताऱ्यापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे, त्यामुळे शोधायला सोपा, पण प्रत अकरावी, म्हणजे शहरात फार त्रास देतो. पानशेतच्या बाजूला गेलो होतो तेव्हा स्वच्छ दिसला. ११ प्रकाशवर्षांवर, आणि २०१७ मध्ये याच्याभोवती पृथ्वीपेक्षा थोड्याच जास्त वजनाचा ग्रह सापडला, ९.९ दिवसांचं वर्ष. याचं वैशिष्ट्य म्हणजे तारा शांत आहे, या जातीतले बरेच तारे फार तापट असतात त्या मानाने. माझा भाचा नववीत आहे, तो सोबत होता, त्याने आयपीसला डोळा लावून बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "मावशी, म्हणजे आत्ता इथे जो ठिपका दिसतोय त्याच्या शेजारी तो ग्रह आहे? आत्ता? याच दिशेला?" हो रे बाबा, याच दिशेला. त्याला ग्रह दिसला नाही म्हणून वाईट वाटेल अशी मला धास्ती होती पण तसं काही झालं नाही, उलट परत येताना गाडीत प्रश्नच प्रश्न.

मे महिन्यात तूळ राशीत ग्लीझ ५८१, साडेदहाव्या प्रतीच्या आसपास, २० प्रकाशवर्षं. हा बघाच, कारण या विषयात किती जपून बोलावं लागतं ते या ताऱ्याने शिकवलंय. २०१० मध्ये इथे राहण्याजोग्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये ग्रह सापडला म्हणून जगभर गाजावाजा झाला होता, ५८१ जी, आणि २०१४ मध्ये दुसऱ्या टीमने दाखवलं की तो जी आणि त्याच्या जोडीला डी, हे दोन्ही बहुधा ग्रह नाहीतच, ताऱ्याच्या स्वतःच्या डागांमुळे आणि हालचालीमुळे तसा भास होतोय. तारा आहे, बाकीचे ग्रह आहेत, पण ज्याच्यावर लोकांनी जीव लावला तोच नाही.

बार्नार्डचा तारा ही पुणेकरांची खरी अडचण. भुजंगधारी तारकासमूहात, साडेनऊ प्रत, फक्त ६ प्रकाशवर्षं, सगळं छान, पण तो संध्याकाळी डोक्यावर येतो तो बरोबर जुलै-ऑगस्टमध्ये आणि तेव्हा आपल्याकडे आभाळ म्हणजे नुसतं छप्पर. मग दोनच मार्ग, एक तर एप्रिल-मे मध्ये मध्यरात्रीनंतर जागायचं, नाहीतर ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की अंधार पडल्या पडल्या पश्चिमेला गाठायचा. ६६ ऑफियुची हा तारा आधी पकडायचा, त्याच्या जवळच आहे. या ताऱ्याची मजा अशी की तो आकाशात सरकतो, वर्षाला १०.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे साधारण १८० वर्षांत पूर्ण चंद्राएवढं अंतर, सगळ्या ताऱ्यांत हा वेग सगळ्यात जास्त. तर आजूबाजूच्या मंद ताऱ्यांचं स्केच काढून ठेवायचं, दरवर्षी काढायचं आणि ताडून बघायचं. काही वर्षांतच फरक दिसायला लागतो. घरबसल्या तारा सरकताना पकडायचा, आणि तोही लाल बटू, याच्यासाठी डॉब वसूल आहे. याच्या ग्रहांची कथा मोठी आहे, १९६० च्या दशकात पीटर व्हान द काम्प यांनी केलेला दावा पुढे खोटा ठरला, २०१८ चा दावाही टिकला नाही, आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये एक आणि मार्च २०२५ मध्ये एकूण चार ग्रह पक्के झाले. चारही पृथ्वीपेक्षा बरेच हलके, चारही ताऱ्याला इतके खेटून की राहण्याजोगे नाहीत. तरी पण आहेत! साठ वर्षं लोक शोधत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिणेला फोमलहॉट दिसतो ना, एकटाच तेजस्वी, त्याच्या खाली साधारण साडेसहा अंशांवर ग्लीझ ८८७. सातव्या प्रतीच्या जरा पुढे, १०.७ प्रकाशवर्षं, २०२० मध्ये दोन ग्रह जाहीर झाले, ९ आणि २२ दिवसांचे. हाही शांत तारा. पुण्यातून तो पस्तीसेक अंश वर येतो, युरोपातल्या बऱ्याच हौशी लोकांना तो नीट मिळत नाही, आपल्याला मिळतो.

आणि त्याच वेळी वर कुंभ राशीत ट्रॅपिस्ट-१ आहे. तो दिसत नाही. हे स्पष्ट लिहिते कारण विकणारे लोक काहीही सांगतात. ट्रॅपिस्ट-१ दृश्य प्रकाशात एकोणिसाव्या प्रतीच्या जवळपास आहे, हा टेलिस्कोप चांगल्या अंधारात चौदाव्या प्रतीपर्यंत जाईल, म्हणजे साधारण शंभरपट कमी पडतो. त्या ताऱ्याचा प्रकाश मुळात इन्फ्रारेडमध्येच जास्त, पृष्ठभाग अडीच हजार केल्विनच्या थोडा वर, आकाराने गुरूपेक्षा थोडासाच मोठा. तरीही मी त्या जागेवर दुर्बीण नेते. सात ग्रह आहेत तिथे, सातही पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे, सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं आणि सगळ्यात बाहेरच्याचं १९ दिवसांच्या आतलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सातचा आकडा जाहीर झाला तेव्हा मी ऑफिसात होते आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नव्हतं.

प्रॉक्झिमा पुण्यातून जास्तीत जास्त नऊ अंशांपर्यंतच वर येतो, मे-जूनच्या सुरुवातीला. तेवढ्या खाली धूळ आणि धुरकं, त्यात अकरावी प्रत. मला तो अजून मिळालेला नाही. दक्षिणेला डोंगर नसलेली जागा आणि वळवाच्या पावसाने धुतलेली हवा, दोन्ही एकत्र जमली पाहिजेत.

आता मुख्य प्रश्न, ज्याच्यासाठी मी हे सगळं करते. राहता येईल का तिथे कुणाला? माणसांना नाही म्हणत मी, कुठल्याही जिवाला. माझं मत असं झालंय की शक्यता खरी आहे पण ग्रह "पट्ट्यात आहे" आणि ग्रह "राहण्याजोगा आहे" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि बातम्या ते अंतर एका हेडलाइनमध्ये मिटवून टाकतात. पट्ट्यात असणं म्हणजे फक्त एवढंच की हवा असेल, योग्य जाडीची असेल, तर पाणी टिकू शकेल. हवाच नसेल तर? आपला चंद्र सूर्यापासून पृथ्वीएवढ्याच अंतरावर आहे की!

ताऱ्याच्या इतकं जवळ असलं की ग्रहाची एक बाजू बहुतेक कायम ताऱ्याकडे राहते, जसा चंद्र आपल्याला एकच चेहरा दाखवतो. म्हणजे एकीकडे न मावळणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र. आधी लोकांना वाटायचं की रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली पडेल आणि विषय संपेल. १९९७ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकांनी मॉडेल करून दाखवलं की पुरेशी दाट कार्बन डायऑक्साइडची हवा असेल तर वारे उष्णता पलीकडे पोचवतात आणि हवा गोठत नाही. तिथून पुढे या ताऱ्यांकडे लोक पुन्हा गंभीरपणे बघायला लागले. म्हणजे ही अडचण जीवघेणी नाही. खरी जीवघेणी अडचण ताऱ्याच्या स्वभावाची आहे. लाल बटू तरुणपणी फार भडकतात, ज्वाळा फेकतात, क्ष-किरण आणि अतिनील किरणांचा मारा करतात, प्रॉक्झिमा तर अजूनही करतो. त्यात आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, ती म्हणजे हे तारे जन्मल्यावर कोट्यवधी वर्षं आजच्यापेक्षा बरेच जास्त तेजस्वी असतात आणि हळूहळू मंद होत जातात. म्हणजे आज जो ग्रह आरामात पट्ट्यात बसलाय तो लहानपणी भट्टीत होता. समुद्र असले तर ते तेव्हाच उकळून उडून गेले असतील, पाणी मुळातच खूप जास्त असेल किंवा नंतर पुन्हा आलं असेल तरच गोष्ट वेगळी.

अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीने याची तपासणी सुरू केली आहे आणि आत्तापर्यंतचे निकाल मन थोडं खट्टू करणारे आहेत. ट्रॅपिस्ट-१ चा बी ग्रह, २०२३ मध्ये मोजला, दिवसाची बाजू साधारण २३० अंश सेल्सियस, हवा असल्याची काही खूण नाही. सी वरही कार्बन डायऑक्साइडची जाड हवा नाही. पण हे दोघे आतले आहेत, त्यांच्याकडून अपेक्षाही कमीच होती. डी वर पृथ्वीसारखी हवा नाही असं २०२५ मध्ये आलं. आणि ई, ज्याच्यावर सगळ्यांची आशा, त्याचे पहिले निकालही २०२५ मध्येच आले आणि त्यात हवा आहे असंही नाही, नाही असंही नाही, अजून निरीक्षणं हवीत. तिमिंगल तारकासमूहात एलएचएस ११४० बी म्हणून एक आहे, ४९ प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या साडेपाच पट वजनाचा, तिथे भरपूर पाणी किंवा बर्फ असू शकतं असं त्याच्या घनतेवरून दिसतंय, आणि माझ्या मते आत्ता सगळ्यात जास्त आशा ठेवावी तर इथे. के२-१८ बी या आणखी एका लाल बटूच्या ग्रहाबद्दल एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमने जीवसृष्टीशी संबंध असू शकणाऱ्या वायूची खूण सांगितली होती, आपल्याकडे व्हॉट्सॲपवर तर एलियन सापडलेच होते, पण बाकीच्या टीम्सनी तोच डेटा तपासून पुरावा पुरेसा नाही म्हटलं. मधुसूदन स्वतःही पक्कं सापडलं असं म्हणत नव्हते. तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आहे हे मात्र २०२३ पासून माहीत आहे.

भाच्याने विचारलं होतं की मग एवढं सगळं उलट असेल तर शास्त्रज्ञ सोडून का देत नाहीत. मी त्याला म्हटलं, अरे हे तारे लाखो कोटी वर्षं जळतात, विश्वाचं वय आत्ता कुठे १३.८ अब्ज आहे, म्हणजे आजपर्यंत जन्मलेला एकही लाल बटू म्हातारा होऊन मेलेला नाही. आणि संख्या एवढी प्रचंड की शंभरातल्या एकाच ताऱ्याकडे हवा टिकवलेला ग्रह असला तरी ते अब्जावधी होतात. हे त्याला पटलं. मलाही मनापासून पटतं. म्हणून तर रॉस १२८ बघताना पोटात काहीतरी होतं.

असो, टेलिस्कोपकडे येते.

चांगलं काय तर आरसा उत्तम, बेसची हालचाल गुळगुळीत, पेटीतून काढून अर्ध्या तासात पहिली नजर, आणि बिघडण्यासारखं काही नाहीच. वाईट काय तर वजन. नळकांडं आणि बेस मिळून वीस किलोच्या आसपास, दोन खेपा कराव्या लागतात, लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर शेवटचा जिना दोघांनी चढवा. छोट्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून नळकांडं मावतं पण मग माणसं दोनच. सोबतचा फाइंडर, म्हणजे तारा शोधायची छोटी दुर्बीण, सरळ नजरेचा आहे, वरच्या ताऱ्यांसाठी मान मोडते, काटकोनातला फाइंडर वेगळा घ्या, आणि त्याच्या जोडीला लाल ठिपक्याचा साधा फाइंडर. या दोन गोष्टींशिवाय लाल बटू शोधायला जाऊच नका, चिडून परत याल. १० मिलिमीटरचा आयपीस सोबत येतो तो सुमार आहे. कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, गाडीतून नेलं की दर वेळी तपासावं लागतं, लेझर घ्या, पाच मिनिटांचं काम.

विकणाऱ्याबद्दल एवढंच की माझ्या वेळी बेसचा एक बोल्ट कमी आला आणि तो मिळवायला फोनवर फोन करावे लागले, शेवटी टिंबर मार्केटजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतला. तर पेटी उघडतानाच सगळं मोजून घ्या आणि व्हिडिओ काढा. बेस पार्टिकल बोर्डचा आहे, पुण्याच्या पावसाळ्यात कडा फुगतात, कडांना आधीच वॉर्निश मारून घ्या. आरशावर बुरशी येऊ शकते म्हणून जून ते सप्टेंबर दोन्ही टोकांना झाकण, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि उन्हं आली की पुड्या तापवून परत आत.

आकाशाचं म्हणाल तर शहरात आता आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचे लाल बटूच धरून चला, त्याहून मंद असतील तर बाहेर पडावंच लागतं. चांदणी चौकाच्या पुढे मुळशीकडे, पानशेत, वेल्हे, भोर, ही सगळी दिशा चांगली, कारण शहराचा उजेड मागे राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. सोसायटीत बघत असाल तर गच्चीवरचा हॅलोजन बंद करायला चेअरमनसाहेबांना आधी सांगून ठेवा, आणि त्यांनाच पहिल्यांदा शनी दाखवा, मग किल्ली कायमची मिळते. आमच्या मजल्यावरच्या आजी लालांद बघून म्हणाल्या, "अगं हा तर अगदीच एवढासा, आणि याला ग्रह?" आणि मग खुर्ची मागवून बसल्या, परत बघितला. त्यांनी तुलनेसाठी शेजारचा पांढरा तारा दाखव म्हणून स्वतःहून सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

कोणी घेऊ नये? ज्यांना फोटोच काढायचे आहेत त्यांनी. हाताने ढकलायच्या बेसवर मोठे एक्स्पोजर होत नाहीत, त्यांनी ट्रॅकिंगवालं माउंट किंवा हल्ली निघालेले कॅमेऱ्याचे स्मार्ट टेलिस्कोप बघावेत. आणि ज्यांना फोनमधून बटण दाबून तारा समोर आलेला हवा आहे त्यांनीही नको. यात तारा आपल्यालाच शोधावा लागतो, स्टेलॅरियम या ॲपवर नकाशा बघत, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात. त्याच पैशात कॉम्प्युटरवाले पाच इंची मिळतात आणि दुकानात तेच पुढे करतात, पण पाच इंचात प्रकाश आठ इंचाच्या चाळीस टक्केच येतो, रॉस १२८ सारखे तारे आणखी अवघड होतात. या विषयासाठी आरसाच मोठा घ्या.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून या. टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, तिथली जाणकार मंडळी विचारलं की मनापासून सांगतात. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांना प्रवेश असतो, तिथे या विषयात काम करणारी माणसं समोर भेटतात, पोरांना घेऊन जा आणि प्रश्न विचारू द्या.

घ्यायचाच ठरला तर गणपती झाल्यावर ऑर्डर टाका, म्हणजे हातात येईपर्यंत आभाळ उघडतं आणि पहिल्याच महिन्यात बार्नार्ड आणि ग्लीझ ८८७ एकाच रात्री मिळतात, आधी पश्चिमेला बार्नार्ड कारण तो लवकर खाली जातो, मग निवांत दक्षिणेला.